तलाव उघडायच्या आदल्या दिवशी

४ फेब्रुवारी

दादा,

पत्राच्या सुरुवातीला ख्यालीखुशाली विचारायची असते. तुझी खुशाली आता दर रविवारी पेपरात फोटोसकट छापून येते, त्यामुळे तेवढी शाई वाचली.

नव्या सदराचा पहिला लेख वाचला. ‘नवं पाणी’ हे नाव चांगलं आहे. पाणीखात्यानं पहिल्या तलावाचं फाटक गळाच्या मासेमारीसाठी उघडलं त्या सकाळचं वर्णनही चांगलं आहे. हातात परवान्याची पिवळी चिठ्ठी धरून बांधावर ताटकळलेली माणसं, पाण्यातून डोकी वर काढून उभे असलेले विजेचे खांब, आणि मासे इतके अडाणी की रिकाम्या गळालाही तोंड लावत होते. हे सगळं तसंच होतं. बाबा म्हणायचे, नव्या तलावात पहिली दोन वर्षं माणसाला वाटतं की आपण फार मोठे मासेमार आहोत. तिसऱ्या वर्षी कळतं की मासे शहाणे झाले आणि आपण होतो तिथेच आहोत. हे वाक्य तू स्वतःच्या नावावर घातलंयस. असू दे, वाक्यांवर कुणी पाटी लावत नाही.

पण तो अकरा किलोचा मासा मी धरला होता. मी बारा वर्षांची होते, तू पंधरा. दोर माझ्या तळहातात रुतत होता आणि तू होडीच्या दुसऱ्या टोकाला बसून ‘सोड, सोड, उलटेल’ असं ओरडत होतास. बाबांनी मला मागून कमरेला धरलं होतं, दोराला हात लावला नव्हता. ‘तुझा आहे, तूच आण,’ म्हणाले होते. तुझ्या लेखात हे तुला म्हणालेत. मीही आहे म्हणा लेखात, एका ओळीत. ‘धाकटी भीतीनं डोळे मिटून बसली होती.’

बाबांना आता पेपरातलं बारीक दिसत नाही, मी वाचून दाखवते. परवा वाचताना मी ती ओळ आली तशी वाचली नाही. मासा मीच धरला असं वाचलं. बाबा ऐकत होते, मान डोलावत होते. शेवटी म्हणाले, ‘बरोबर लिहिलंय त्यानं. मला वाटलं होतं, स्वतःच्या नावावर घालेल. पोरगा प्रामाणिक आहे.’

म्हणजे तुझा खोटेपणा मी दुरुस्त करायचा आणि प्रामाणिकपणाची पावती तुला. हे काही नवीन नाही.

आता तुझ्या पत्राबद्दल. वृद्धाश्रमात एप्रिलपासून जागा मिळते आहे, बाबांचं विसरणं वाढतंय, माझ्यावरचा ताण कमी होईल, वगैरे. मी त्यांना डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टरनं महिने उलटे म्हणायला लावले, कागदावर घड्याळ काढायला लावलं, पाच वस्तू दाखवून झाकल्या. एक्याऐंशीव्या वर्षी त्यांनी पाचच्या पाच सांगितल्या, वर त्यातल्या कात्रीचा स्क्रू ढिला आहे हेही सांगितलं. डॉक्टर म्हणाला, ‘काका, माझ्यापेक्षा बरे आहात.’

घरी येताना बाबा म्हणाले, ‘त्याला काय माहीत? माझ्या डोक्यानं एकदा दगा दिलाय. दादा म्हणतो तेच बरं, मी तिकडे जातो. घराला आग लावून बसेन एखाद्या दिवशी.’

तो दगा कुठला, हे तुला सांगायला नको.

धाकटी


९ फेब्रुवारी

दादा,

‘आमचे विसराळू पहारेकरी.’ हे शीर्षक तुला सुचलं की संपादकाला?

लेख मी तीनदा वाचला. दुसरा तलाव. फाटकाची राखण आमच्या वडिलांकडे. तलाव उघडायच्या आदल्या दिवशी ते कुलूप लावायलाच विसरले आणि पहाटे अख्खं गाव आत घुसलं. कुणी चाळणीनं मासे धरतंय, हेडमास्तर उलट्या छत्रीनं. साहेब जीपमधून उतरले तेव्हा फाटक राखायला एक कुत्रं तेवढं उरलं होतं. लोक हसले असतील. वाचनालयात मी पुस्तकं बांधते तिथे माझ्या शेजारी बसून खळ लावणारी मुलगी हसली. मला म्हणाली, ‘मावशी, तुमचे बाबा किती गोड होते.’ होते नाही गं, आहेत, म्हटलं.

मला एकच सांग. शिंपी कुठे गेला?

हेडमास्तरांची छत्री तुला आठवली. कुत्रं आठवलं. पाण्याखाली गेलेला जुना रस्ता आणि त्यावरचा मैलाचा दगड यांच्यावर तू अर्धा परिच्छेद खर्च केलास, आणि तो सुंदर आहे, तेही सांगते. पण फाटक उघडं दिसलं म्हणून दोघा मित्रांबरोबर दुरुस्तीला काढून ठेवलेली जुनी होडी घेऊन गेलेला आपल्या गल्लीतला शिंपी तुझ्या लेखात कुठेच नाही. होडी बुडालेल्या झाडांवर अडकून उलटली. दोघे फांदी धरून राहिले. शिंपी दुपारी बारा वाजता सापडला. त्याच्या खिशात मोजपट्टी होती. हे विनोदी लेखात बसलं नसतं, कबूल आहे.

बाबांचं पुढे काय झालं हेही तुझ्या लेखात नाही. ‘साहेबांनी प्रेमळ कानउघाडणी केली,’ म्हणे. बाबांना फाटकावरून काढून पाणीखात्याच्या गाळणघरात वाळू धुवायला लावलं आणि निवृत्तीपर्यंत तिथेच ठेवलं. त्यांनी त्या दिवसानंतर गळाची काठी हातात धरलेली नाही. ‘होडीत मी काय विसरेन सांगता येत नाही,’ म्हणतात. आणि दर बुधवारी ते शिंपीणकाकूंच्या दुकानात जातात. नवऱ्यामागे दुकान त्यांनीच चालवलं. बाबा दाराजवळच्या बाकावर बसतात आणि डब्यातली बटणं आकारानुसार निवडून देतात. एकतीस वर्षं झाली. माफी एकदाच मागितली होती, नंतर बटणंच.

रविवारी त्यांना काय वाचून दाखवू? मी पेपर समोर धरला आणि तोंडाला येईल ते बोलत सुटले, तुझ्या नावावर. जुन्या पुलाबद्दल काहीतरी. दहा मिनिटांनी बाबा म्हणाले, ‘आज जरा पाणचट लिहिलंय त्यानं.’

कुलूप लावलेलं होतं, दादा. तुला माहीत आहे. बाबांनी दुपारी एक वाजता फाटक बंद केलं, कुलूप लावलं, आणि ते परवान्यांवर शिक्के मारायला मुख्य कचेरीत गेले. ते दुसऱ्या दिवशी सकाळीच परत येणार होते. दुसरी किल्ली खुंटीवरच्या कोटात होती. ती तू घेतलीस. तुला उद्घाटनाच्या दिवशी पहिला मोठा मासा धरायचा होता, कारण पेपरचा फोटोग्राफर येणार होता आणि त्या पेपरात तुला चिकटायचं होतं. आदल्या दिवशी धरायचा, जाळीच्या पिशवीत घालून धक्क्याखाली जिवंत बांधून ठेवायचा, आणि सकाळी सगळ्यांदेखत वर काढायचा. ही युक्ती तुझी. मी होडी वल्हवली.

त्या दुपारी पाण्यावर आपण दोघंच होतो. त्या तलावात तोवर कुणी गळ टाकलेला नव्हता. आयुष्यात इतकं शांत मला कुठे वाटलेलं नाही, आणि ते मला आठवतं याचा मला संताप येतो.

मग वरच्या रस्त्यावर जीपचा धुरळा दिसला आणि आपण पळालो. पुढचं तुला आठवत असेलच.

येत्या रविवारच्या लेखात खरं लिही. कुलूप लावलेलं होतं, एवढं एक वाक्य पुरे. तू लिही, मी वाचून दाखवते. एक अक्षरही बदलणार नाही.

धाकटी


१८ फेब्रुवारी

दादा,

रविवारी तू डोंगरातल्या धुक्याबद्दल लिहिलंस. वाचून दाखवलं. बाबांना आवडलं.

तुझं उत्तरही पोचलं. टाइप केलेलं, चार ओळींचं. ‘ललित लेखनात तपशील थोडे इकडेतिकडे होतात. बाबांच्या विसरण्याकडे मी मायेनंच पाहिलं आहे. जुनी मढी उकरून त्यांच्या म्हातारपणी कुणाचं भलं होणार आहे? आणि कुलूप शेवटी कुणाच्या हातात होतं, हे तूही जरा आठव.’

चौथ्या ओळीसाठीच तू पहिल्या तीन लिहिल्यास. मला वाटलंच होतं की तू हा दगड खिशात ठेवला असशील. तर घे, मी स्वतःच मारून घेते.

किल्ली तू घेतली नाहीस. कोटाच्या आतल्या खिशाला भोक आहे आणि किल्ली अस्तरात उतरते, हे तुला माहीतच नव्हतं. मला माहीत होतं, कोट मी धुवायची. किल्ली मी काढून तुला दिली. आणि परत येताना फाटकातून शेवटची मी बाहेर पडले. तू सायकलवर बसून ‘चल, चल’ करत होतास. मी कुलूप कडीत अडकवलं. दाबलं नाही. दाबलं असं मला वाटलं असंही नाही. जोर लावावा लागायचा, हात माशानं बुळबुळीत झाले होते, आणि मी म्हटलं, दिसतंय ना लागल्यासारखं, पुरे. किल्ली कोटात परत ठेवली, हात धुतले, भात लावला.

मागच्या पत्रात हे लिहिलं नाही. तुझ्यावर रागावणं सोपं जातं म्हणून लिहिलं नाही.

पण चौकशीचा दिवस तर आपल्या दोघांचा होता. कचेरीबाहेरच्या बाकावर आपण शेजारी शेजारी बसलो होतो आणि दार अर्धवट उघडं होतं. साहेबांनी विचारलं, कुलूप लावलं होतं का. बाबा म्हणाले, ‘लावलं होतं साहेब. ओढून बघितलं होतं.’ साहेब म्हणाले, मग उघडलं कुणी, भुतानं? किल्ल्या तर दोन्ही तुझ्याकडेच. पुन्हा विचारलं. बाबा म्हणाले, ‘लावलं असणार.’ तिसऱ्यांदा विचारलं. बाबा म्हणाले, ‘आता नक्की सांगता येत नाही.’

मी उठले होते. खरंच उठले होते. तू माझं मनगट धरलंस. म्हणालास, ‘त्यांचं जायचं ते जाणारच. आपण दोघं तुरुंगात गेलो तर घर कोण चालवणार?’ आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी खाली बसले. तुझ्या हाताला एवढाही जोर नव्हता, हे मी गेली एकतीस वर्षं रोज स्वतःला सांगते.

आणि तो फोटो. तुझ्या लेखासोबत छापलेला, तू मासा उचलून हसतोयस तो. त्या दिवशीच्या पेपराचं मूळ कात्रण माझ्याकडे आहे. तू उजवी बाजू कापून छापलायस. उजव्या बाजूला, लांब पाण्यावर, दोन होड्या आहेत आणि चार माणसं पाण्यात बांबू खुपसतायत. साडेसात वाजले होते. शिंपी सापडत नाहीये, हे मी धक्क्यावर येऊन तुला सांगितलं होतं. तू म्हणालास, ‘एक मिनिट, फोटो होऊ दे.’

त्या फोटोवर तुला नोकरी लागली. आता या सदराचं पुस्तक निघेल, कुणीतरी ते बांधायला घेईल. माझ्या टेबलावर आलं तर मी ते शिवणार नाही, एवढं लिहून ठेव.

धाकटी


२५ फेब्रुवारी

दादा,

आता तू लिही किंवा लिहू नकोस. बाबांना कळलं.

सोमवारी दुकान बंद असतं. परवा सोमवारी दुपारी शिंपीणकाकू आमच्या घरी आल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. बाबा खिडकीशी बसून वाटाणे सोलत होते. कुणा गिऱ्हाइकानं उसवलेला कोट पेपरात गुंडाळून दुकानात टाकला होता. तो पेपर काकूंच्या हातात होता, घड्या पाडलेला.

‘भाऊजी, मुलाचं लिखाण वाचलंत?’

‘ही वाचून दाखवते की दर रविवारी.’

‘हेही दाखवलं?’

मी म्हटलं, ‘काकू, आत तर या.’

‘आतच आहे मी,’ त्या म्हणाल्या. चष्मा लावला आणि उभ्यानंच वाचायला लागल्या. मापं वाचून दाखवावीत तशा आवाजात. चाळण्या, छत्री, कुत्रं, सगळं. बाबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. ‘विसराळू’ आलं तेव्हा ते कसनुसं हसले. म्हणाले, ‘खोटं नाही लिहिलं, वहिनी. विसरलोच होतो. फक्त तुमच्या घरचं त्यानं लिहायला हवं होतं.’

‘त्याचं नंतर बघू,’ काकू म्हणाल्या. ‘हे ऐका. पाणी इतकं नितळ होतं की बुडालेल्या रस्त्यावरचा मैलाचा दगड दिसत होता आणि त्यावरचा आकडासुद्धा वाचता येत होता. हा दगड त्याला कधी दिसला?’

‘तलाव उघडला त्या दिवशी दिसला असेल.’

‘त्या दिवशी पाणी चहासारखं होतं. आदल्या संध्याकाळी वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं. सहा तास बांबू खुपसत होते, भाऊजी, कारण हातभर खालचं दिसत नव्हतं. मी काठावर उभी होते. मला त्या पाण्याचा रंग सांगू नका कुणी. नंतर तलाव सहा महिने बंद ठेवला, पाणी चढलं आणि दगड तीस फूट खाली गेला. मग या मुलानं आकडा वाचला कधी?’

हे विचारताना त्या बाबांकडे बघत नव्हत्या.

मी सांगितलं. किल्ली, मासा, कुलूप. चार वाक्यांत झालं. तुझ्यावर काही ढकललं नाही, तुझं होतं तेवढंच तुला दिलं.

बाबांनी पहिल्यांदा विचारलं, ‘म्हणजे कुलूप मी लावलं होतं?’

‘हो, बाबा.’

‘नीट लागलं होतं?’

‘हो. आम्ही किल्लीनं उघडलं.’

‘दोनदा ओढून बघितलं होतं मी,’ ते म्हणाले. ‘एक वाजता. डाव्या हातात डबा होता, म्हणून उजव्या हातानं ओढलं. साहेबाला सांगत होतो मी.’ सगळं होतं त्यांच्या डोक्यात, दादा. हातातल्या डब्यासकट. आपण फक्त त्यांना ते खरं मानू दिलं नाही.

काकू मला म्हणाल्या, ‘तू दुकानाची पायरी चढू नकोस.’ मग बाबांना म्हणाल्या, ‘बुधवारी या, भाऊजी. बटणांना हात लावायचा नाही आता. चहाला या.’ आणि गेल्या. पेपर नेला.

बाबा रडतील असं मला वाटलं होतं. ते रडले नाहीत. त्यांनी वाटाण्यांचं ताट बाजूला ठेवलं.

‘मी रोज तुला विचारायचो, गॅस बंद केला का मी. आणि तू रोज उठून बघायचीस.’

‘हो.’

‘उठून बघायचीस आणि म्हणायचीस, केलाय बाबा.’

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

‘नोकरीचं मला काही नाही,’ ते म्हणाले. ‘वाळू धुण्यात काही कमीपणा नव्हता. पण त्या बाईसमोर मी एकतीस वर्षं मान खाली घालून बसलो. आणि पोरांसमोरही. माझंच डोकं मला परकं करून टाकलंत तुम्ही दोघांनी.’

मग म्हणाले, ‘त्याला लिही, मी कुठल्याही आश्रमात जात नाही. माझं मला सगळं येतं. आणि तूही तुझी सोय बघ.’

मी म्हटलं, ‘बाबा, मी कुठे जाऊ?’

‘पन्नाशीची आहेस. बघ.’

हे मी तुला माझी कीव यावी म्हणून लिहीत नाहीये. मी जागा शोधतेय. तू मात्र ये. लेख नको, फोन नको. सोमवारी ये, काकू घरी असतात. त्यांच्या दारात जा आणि तोंडानं बोल. मी तुझ्यासोबत आत येणार नाही. मला मनाई आहे आणि ती योग्य आहे.

धाकटी


२६ मार्च

दादा,

पत्ता बदलला आहे, पाकिटावर बघ. सायकलच्या दुकानाच्या वर, दोन जिने चढून. एक खोली, एक खिडकी. खालून दिवसभर हवा भरायचा आवाज येतो.

तू आलास आणि गेलास, हे मला बसस्टँडवरच्या चहावाल्याकडून कळलं. काकूंकडे तू दहा मिनिटं होतास. काय झालं ते मला त्यांनी सांगितलं नाही, त्या माझ्याशी बोलत नाहीत. बाबांना सांगितलं आणि बाबांनी, वाचनालयात पुस्तक बदलायला आले तेव्हा, टेबलापलीकडे उभं राहून मला सांगितलं. एखाद्या तिऱ्हाइताची बातमी सांगावी तसं.

तू रडलास म्हणे. काकूंनी पाणी दिलं. मग तू बॅगेतून कागद काढलेस. माफीनामासुद्धा तू लेख म्हणून लिहून नेला होतास, शीर्षकासकट. त्यांना वाचून दाखवणार होतास आणि परवानगी घेऊन छापणार होतास. त्या म्हणाल्या, ‘माझ्या माणसाला तू लेखातून कापलंस, ते एक बरं केलंस. आता त्याला पेपरात आणू नकोस. तुझ्या लेखणीला तो लागता कामा नये.’ तू म्हणालास, मग मी काय करू? त्या म्हणाल्या, ‘ते मला काय विचारतोस? तो गेल्यावर मी काय केलं असेल, ते मला विचारलं होतंस का?’

आणि तू दुपारच्या बसनं निघून गेलास. तिथून बाबांचं घर तीन मिनिटांवर आहे. ते दार उघडं ठेवून बसले होते. मला हे त्यांनी सांगितलं नाही. समोरच्या लाँड्रीवाल्यानं सांगितलं. सहा वाजेपर्यंत, म्हणाला.

तुझं सदर बंद झाल्याचं पेपरात वाचलं. ‘प्रकृतीच्या कारणास्तव.’ उचलली जीभ, लावली टाळ्याला. प्रकृतीला काय झालंय तुझ्या?

मी पाणीखात्याला अर्ज दिला होता. सगळं लिहून, सही करून, तुझं नाव घालून. बाबांवरचा ठपका काढावा म्हणून. परवा उत्तर आलं. वीस वर्षांवरचे कागद नष्ट केले जातात, सबब आपल्या अर्जावर कार्यवाही करता येत नाही. म्हणजे ठपकाही कुठे नाही. ज्याच्यासाठी ते मान खाली घालून जगले, तो कागद खात्यानं केव्हाच जाळून टाकला होता. मी ते पत्र घेऊन बाबांच्या दाराशी गेले. त्यांनी ते चष्मा लावून, भिंग धरून, स्वतः वाचलं. दहा मिनिटं लागली. मला वाचू दिलं नाही. वाचून झाल्यावर परत दिलं आणि म्हणाले, ‘ठीक.’ दार लावून घेतलं. मी बाहेर उभी राहिले. रोजच्यासारखा कडी ओढून बघायचा आवाज येईल असं वाटलं. आला नाही.

तर आता कालचं सांगते, त्यासाठीच हे पत्र.

टेकडीमागचा तिसरा तलाव भरला. येत्या रविवारी सकाळी सात वाजता तो गळासाठी उघडतायत. काल संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला जिन्यात काठी टेकल्याचा आवाज आला. मध्ये थांबत थांबत, बराच वेळ. मी दार उघडलं तर बाबा. पहिल्या जिन्याच्या वळणावर श्वास घ्यायला उभे. मी खाली जायला निघाले तर त्यांनी हातानं थांब म्हणून खूण केली. वर आले. आत आले नाहीत, चौकटीला धरून उभे राहिले.

‘पाणी देऊ?’

‘नको.’ दम खाल्ला. मग खिशातून पिवळी चिठ्ठी काढून दाखवली. ‘परवाना काढला. कारकून विचारत होता, आजोबा, सोबत कोण? म्हटलं, एकटा.’

‘होडीत एकटे बसणार?’

‘काठावरून टाकेन. होडीचं पुढच्या वर्षी बघू.’

मला हसू आलं, मी ते दाबलं. ते खोलीकडे बघत होते. गादी, शेगडी, खिडकीत वाळत टाकलेलं लुगडं.

‘रविवारी मी तिथे असेन,’ ते म्हणाले. ‘तू येऊ नकोस. तेवढं सांगायला आलो.’

मी म्हटलं, ‘नाही येणार, बाबा.’

‘बरं,’ म्हणाले आणि वळले. एकेक पायरी मोजत उतरले. मी खिडकीतून बघत राहिले, रस्ता ओलांडून दिसेनासे होईपर्यंत.

एक्याऐंशी वर्षांचा माणूस, दादा. येऊ नकोस हे सांगायला दोन जिने चढून आला. निरोप तर कुणाबरोबरही पाठवता आला असता.

तुझ्याकडे ते आलेले नाहीत. काल त्यांनी तुझं नावही काढलं नाही, आणि मी विचारलं नाही.

धाकटी